उसामागून अमेरिका

ऑगस्ट महिना होता. घरी श्रावणाचा पाऊस लागलेला, पंचगंगा पात्राबाहेर, शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत साच्याच्या वाळूला ओल धरलेली. आणि मी सेर्ताओझिन्यो नावाच्या गावात बसमधून उतरले, तर नाकात शिरला तो गळिताचा वास. रसाचा, मळीचा, ओल्या चिपाडाचा, बॉयलरच्या धुराचा. हा वास मला फक्त दिवाळीनंतरचा म्हणून माहीत होता. पाठीवर सॅक, हातात कॅटलॉगचं जड पुडकं, तीस तासांचा प्रवास झालेला, आणि मी फाटकाजवळ उभी राहून नुसता वास घेत होते. ते साल २०११.

सेर्ताओझिन्यो हे ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातलं, रिबेइराव प्रेतो शहराजवळचं गाव. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्यांचं हे माहेरघर आणि दर ऑगस्टला तिथे साखर-इथेनॉल उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं. मला तिकडे माझ्या वडिलांनी, अण्णांनी पाठवलं होतं. आम्ही उसाच्या मिलचे रोलर ओततो, रसाचे पंप बनवतो. कारखान्यांची दुरुस्तीची कामं हंगाम संपल्यावर निघतात, म्हणजे आमची भट्टी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत पेटलेली आणि नंतर निम्मी उपाशी. ब्राझीलच्या त्या भागात गळीत एप्रिल ते नोव्हेंबर चालतं. आपण मोळी टाकतो तेव्हा त्यांचं आवरत आलेलं असतं आणि आपण चाळण्या धुऊन ठेवतो तेव्हा त्यांची सुरुवात. अण्णांचा हिशेब सरळ होता: त्यांच्या दुरुस्तीच्या महिन्यांत आपली भट्टी भरेल.

ब्राझीलने मला एकही ऑर्डर दिली नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या फाउंड्री भरपूर, आणि बाहेरून आणलेल्या मालावर करांचे थरावर थर. हे मी कोल्हापुरात बसून शोधून काढायला हवं होतं. म्हणून पहिली गोष्ट ही सांगते, की दक्षिण अमेरिकेत माल विकायला निघणाऱ्याने विमानाच्या तिकिटाआधी तिथल्या आयात कराचा तक्ता बघावा. पण त्या प्रदर्शनात चौथ्या दिवशी मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या एका कारखान्याचे मुख्य अभियंता आमच्या टेबलापाशी थांबले. त्यांनी रोलरच्या खाचांचा फोटो बोटाने चाचपून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘ओतकाम तुमचं स्वतःचं?’ पुढची बारा वर्षं मी त्या एका प्रश्नाच्या मागे फिरले. ग्वाटेमाला, मेक्सिको, कोलंबिया, आणि अधूनमधून काही शिकायला म्हणून पुन्हा ब्राझील.

तिकडे जाताना कागदांचं म्हणाल, तर दोन गोष्टी जिवाला घोर लावतात. पहिली, अमेरिकेच्या विमानतळावरून नुसतं पुढे जायचं असलं तरी तिचा व्हिसा लागतो. तिथे सगळ्यांनाच इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागतं, बॅग उचलून परत द्यावी लागते. हातात दोन-अडीच तास असतील तर पुढचं विमान गेलं समजा. तो व्हिसा नसेल तर दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा आदिस अबाबामार्गे जा. असेल तर मात्र तो पुढेही कामाला येतो, मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही. हे नियम बदलत असतात, निघण्याआधी वकिलातीकडून खात्री करून घ्या.

दुसरी गोष्ट पीतज्वराच्या लसीची. ब्राझील किंवा कोलंबियाहून परतताना आपलेच आरोग्य अधिकारी मुंबईत ते पिवळं कार्ड मागतात. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली असायला हवी. कार्ड नसेल तर घरी सोडत नाहीत, विलगीकरणात ठेवतात. एकदा घेतली की ती आता जन्मभर चालते. मी ते कार्ड पासपोर्टच्या कव्हरातच शिवून टाकलंय.

ब्राझीलची भाषा पोर्तुगीज. पहिल्या दिवशी अवघडलेल्या मला हॉटेलातल्या बाईंनी हातात काही तरी ठेवत ‘शावी’ म्हटलं. चावी! मग मी कान देऊन ऐकायला लागले. साबणाला साबाँव, पावाला पाँव, बादलीला बाल्जी, बटाट्याला बताता, कोबीसारख्या पाल्याला कोव्ही. पगार हा शब्द त्यांच्या पैसे देण्याच्या क्रियापदातून आपल्याकडे आलेला. गोवा-वसईच्या वाटेने हे सगळे शब्द चारशे वर्षांपूर्वी आपल्या घरात आले आणि आपण त्यांना परकं समजणंच सोडून दिलं. काजू तर मुळात तिथलाच, झाडही आणि नावही, तिथल्या तुपी लोकांच्या बोलीतलं. फक्त एक सांभाळा. न्याहारीच्या सँडविचवर ‘पेरू’ लिहिलेलं दिसलं तर ते आपलं फळ नव्हे, टर्की पक्ष्याचं मांस. पेरूला तिथे गोयाबा म्हणतात.

रस्त्याने जाताना माती तांबडीभडक दिसते. आपल्या दख्खनसारखाच तिथे एके काळी लाव्हा पसरला होता, त्याच्याही कितीतरी आधी, आणि त्या बेसाल्टची ही माती. त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत ऊस, आणि उसामधल्या कुरणांत पांढरी वशिंडाची गुरं. ती जात नेलोर. आपल्या आंध्रातल्या नेल्लोरचं नाव तिने अजून टिकवलंय. गुजरातची गीर गाय तर तिथे इतकी रुजलीय, की तिच्या दुधाचे उतारे शेतकरी अभिमानाने सांगतात.

पंपावर टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली, भावाच्या पाटीकडे बघितलं, ओठातल्या ओठात हिशेब केला आणि इथेनॉल भरलं. मी विचारलं तेव्हा त्याने धुळकट काचेवर बोटाने ७० लिहिलं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल परवडतं, वर गेला की पेट्रोल. इथेनॉलवर गाडी लिटरमागे कमी पळते, तेवढं धरूनच हा आकडा. त्यांचा इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम १९७५चा, आणि दोन्हींपैकी काहीही चालणाऱ्या गाड्या २००३पासूनच्या. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि लोकांची मायलेजवरून बाचाबाची सुरू झाली, तेव्हा मला ती काच आठवली. तिथल्या माणसाच्या हातात निवड आहे आणि तिचं गणित तो स्वतः मांडतो. आपल्या गाडीवाल्याच्या हातात ती निवड दिलेलीच नाही, हे मला खरोखर खटकतं.

ग्वाटेमालातली माझी पहिली फेरी मात्र चुकीपासून सुरू झाली. चूक माझीच. एस्क्विंतलाच्या बाजूला, पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सखल भागात, देशातला बहुतेक ऊस पिकतो. आकाश स्वच्छ असलं की कारखान्याच्या आवारातून फुएगो ज्वालामुखी धुराची पिंक टाकताना दिसतो. तिथल्या एका कारखान्याला आम्ही कच्च्या रसाचे दोन पंप मोटरसकट पाठवले होते. मागणीपत्रात विजेच्या फ्रिक्वेन्सीचा रकाना कोरा होता आणि मी सवयीने ५० हर्ट्झ धरलं. तिथे वीज ६० हर्ट्झची. मेक्सिको, कोलंबिया, ब्राझील, सगळीकडे ६०च. अर्जेंटिना आणि चिलीत आपल्यासारखी ५०. म्हणजे आमची मोटर तिथे एक पंचमांश जोरात फिरणार. पंपाचा वेग एक पंचमांशाने वाढला की भार तेवढ्यावर थांबत नाही, तो घनाने वाढतो. १.२चा घन १.७२८, म्हणजे जवळजवळ पाऊणपट जास्त. पंप सुरू केला की दोन मिनिटांत मोटर ट्रिप. हंगाम आठ दिवसांवर आलेला.

मी पोचले तेव्हा कुणीही आवाज चढवला नाही. मुख्य अभियंत्यांनी आधी जेवायला नेलं. जेवण झाल्यावरही कुणी उठेना. मुलं किती, पाऊस कसा, कोल्हापुरात मिरची कुठली, अशा गप्पा चालू. मी आतून नुसती पोळत होते. नंतर कळलं, की जेवणानंतर टेबलाशी रेंगाळण्याला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा, आणि माणूस कसा आहे याचा अंदाज ते तिथेच घेतात. तिकडे व्यापाराला जाणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, जेवण उरकू नका. दुपारच्या जेवणानंतर दुसरी भेट ठेवूच नका.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये गेलो. लेथवर पन्नाशीचे एक टर्नर होते, निळा डगला, कानाला पेन्सिल. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं स्पॅनिश तेव्हा आकड्यांपुरतं. मी खडू घेऊन फरशीवर इम्पेलर, म्हणजे पंपाच्या आत फिरणारं पात्यांचं चाक, काढला, व्यासाला बाण केला. वेग वाढलाय तर व्यास कमी करायचा, जवळजवळ सहावा भाग उतरवायचा, म्हणजे पंप मूळच्या भारावर येतो. त्यांनी माझ्या मिलिमीटरखाली इंच लिहिले. तिथे रोलरपासून नटबोल्टपर्यंत सगळं इंचात बोलतात. मी अण्णांना फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ, कोल्हापुरात सकाळचे साडेआठ. साडेअकरा तासांचा फरक. अण्णा म्हणाले, ‘एकदम उतरवू नका. दोन कटमध्ये घ्या, मध्ये एकदा बसवून अँपिअर बघा. आणि त्या मेस्त्रींना विचार, जेवलेत का.’

पहिल्या कटनंतर पंप बसवला. अँमीटरचा काटा चढला, लाल रेघेला चाटून थरथरत राहिला. दुसऱ्या कटनंतर तो रेघेच्या बराच अलीकडे येऊन स्थिर झाला. पहाटेचे तीन वाजले होते. मेस्त्रींनी हात पुसले, फरशीवरचं माझं चित्र बघितलं आणि त्यावरून पाय न पडेल असं वळसा घालून ते बाहेर गेले.

त्या देशात अभियंत्याला नावाआधी ‘इन्हेनिएरो’ लावतात, बाई असेल तर ‘इन्हेनिएरा’. आणि तिथे नावानंतर दोन आडनावं येतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. हाक मारताना पहिलं घेतात. ब्राझीलमध्ये हा क्रम उलटा असतो. माझ्या पासपोर्टवर नाव, अण्णांचं नाव, आडनाव. त्यामुळे फाटकावरच्या वहीपासून गेस्ट हाउसच्या पाटीपर्यंत सगळीकडे मी ‘इन्हेनिएरा’ आणि पुढे अण्णांचं नाव. मी ते कधीच दुरुस्त केलं नाही. ज्या माणसाने आयुष्यात विमानात पाऊल ठेवलं नाही, त्याच्या नावाने मला ज्वालामुखीच्या पायथ्याशी लोक हाक मारत होते.

सकाळी गावात टपटप आवाज यायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर बायका तोर्तिया थापत बसलेल्या. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग वाटतात आणि हातावर थापून मातीच्या किंवा लोखंडाच्या तव्यावर टाकतात. आपल्या भाकरीहून लहान, जाडसर. खायला माझी अडचण नव्हती, फक्त गोमांस नको एवढंच. पण शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढं सांगून थांबू नये. त्याचा अर्थ तिथे पुष्कळांना कोंबडी आणि हॅम चालेल असाच वाटतो. कोंबडी नको, डुकराची चरबी नको, चिकनचं पाणी नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं. मेक्सिकोत राजम्याची उसळसुद्धा बऱ्याचदा चरबीत परतलेली असते. ब्राझीलमध्ये वजनावर जेवण विकणारी हॉटेलं गावोगाव आहेत. ताटात आपल्याला हवं ते घ्या, काट्यावर ठेवा. तिथे शाकाहारी माणूस सुखी.

हंगाम सुरू झाल्यावर मी फडात गेले. ग्वाटेमालात बराच ऊस पेटवून मग तोडतात. तोडणारे डोक्यापासून पायापर्यंत काजळीने काळे, हातात लांब पात्याचा माचेते. बहुतेक जण वरच्या डोंगराळ भागातले माया समाजाचे, पोटासाठी सहा महिने किनाऱ्यावर उतरलेले. बीडहून आपल्याकडे येणाऱ्या टोळ्याच मी बघत होते. फरक इतकाच, की आपल्याकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि तिथे एकेकटे पुरुष. एकाने पाण्याचं पिंप दाखवलं, शेजारी क्षार-साखरेच्या पाण्याच्या पिशव्या. मध्य अमेरिकेत गेल्या काही दशकांत उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी होत गेली. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-पस्तिशी. भर उन्हात अंग मोडेस्तोवर काम आणि पोटात पुरेसं पाणी नाही, हे त्यातलं एक मोठं कारण. मग पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती हे नियम आले, काही ठिकाणी पाळले जातात, काही ठिकाणी कागदावर.

मी त्या पिंपाकडे बघत होते आणि मला माझ्याच जिल्ह्यातल्या पालांवरच्या बायका दिसत होत्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली. पाळीत काम चुकलं की खाडा, खाडा पडला की दंड. मी वीस वर्षं कारखान्यांत जात होते, गव्हाणीपासून गोदामापर्यंत सगळं ओळखत होते, पण फडातल्या पिण्याच्या पाण्याची चौकशी मी कधी केली नव्हती. परत आल्यापासून करते. ज्या कारखान्यात रोलर बसवायला जाते तिथल्या शेतकी अधिकाऱ्यांना विचारते, टोळ्यांना पाणी कुठून, संडास किती. काहींना ते आवडत नाही.

मेक्सिकोचं मोठं सांगण्यासारखं नाही, माझं काम तिथे कमी. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, त्या दिवशी कामाची बैठक नको. ‘आओरिता’ म्हणजे शब्दशः आत्ताच, पण तो आत्ताच पाच मिनिटांचा की पाच तासांचा, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकावं लागतं. आणि रस्त्यात फोन हातात धरून उभं राहू नये. हे साओ पाउलोत तर दुप्पट लक्षात ठेवा, तिथे सायकलवरून येऊन हिसकावतात.

कोटेशन करताना आणखी एक. कोलंबिया आणि ब्राझीलमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. १२.५०० म्हणजे साडेबारा हजार, साडेबारा नव्हे. मेक्सिको आणि ग्वाटेमाला आपल्यासारखं लिहितात. मी आता रक्कम अक्षरांतही लिहिते. आणि माल लाकडी खोक्यात जात असेल तर प्रत्येक खोक्यावर आणि पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का आहे का ते स्वतः बघा. आमचं एक खोकं एका पॅलेटवरच्या पुसट शिक्क्यापायी बंदरात तीन आठवडे पडून होतं.

कोलंबियात काली शहराच्या आसपासच्या खोऱ्यात उसाला हंगामच नाही. विषुववृत्त जवळ, बारा महिने एकसारखी हवा, त्यामुळे वर्षभर तोडणी आणि वर्षभर गाळप. पण मला सांगायचंय ते कारखान्याचं नव्हे. एका रविवारी बोगोताहून घाट उतरत व्हियेतापर्यंत आले. वर थंडीने शाल घेतली होती, खाली उतरता उतरता ती काढली, स्वेटर काढला. रस्त्याच्या कडेने धूर दिसायला लागला, आणि वास. हा कारखान्याचा नव्हता. हा काहिलीचा वास होता.

ड्रायव्हरला थांबवलं. पत्र्याचं छप्पर, खाली चुलवाण, त्यावर एकापुढे एक काहिली, मागे चिपाडाचा ढीग, खेचरावर लादलेला ऊस. गुऱ्हाळ! तिथे त्याला त्रापिचे म्हणतात आणि गुळाला पानेला. जगात सगळ्यात जास्त गूळ आपल्याकडे होतो, त्याखालोखाल कोलंबियात. मालकीणबाई साठीच्या. मला त्या ‘सुमेर्से’ म्हणाल्या, त्या डोंगरी भागात आदराने आणि मायेने असंच म्हणतात, आपल्या ‘अहो बाई’सारखं. त्यांनी गुळाचं गरम पाणी दिलं, त्यात पांढऱ्या चीजचा तुकडा सोडलेला.

मी काहिलीपाशी उभी राहिले. एक मुलगा बादलीत झाडाच्या सालीचे पट्टे कुटत होता. पाणी बुळबुळीत झालं, तार धरायला लागलं. त्याने ते उकळत्या रसात ओतलं, आणि क्षणात काळपट मळी फुगून वर आली. ती त्याने झाऱ्याने ओढून बाजूच्या भांड्यात टाकली, तिथे ती आटवून खेचरांना घालतात. आपल्याकडे गुळव्या भेंडीच्या झाडाचं पाणी घालतो. अगदी तसंच, तोच बुळबुळीतपणा, तीच मळी, तोच झाऱ्याचा हात. झाडाचं नाव विचारलं, ग्वासिमो. नंतर शोधून पाहिलं, ग्वासिमो आणि भेंडी वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातल्या. महासागराच्या दोन बाजूंना माणसांनी एकमेकांना न विचारता रस निवळायला एकाच घराण्यातलं झाड शोधलं होतं. मी ते सगळं फोनवर घेतलं. पाक तयार झाला का ते बघायला तिथल्या म्होरक्याने हात आधी गार पाण्यात बुडवला, मग थेट पाकात, मग पुन्हा पाण्यात. माझ्या अंगावर काटा आला, कारण लहानपणी आजोबांना असंच करताना मी पाहिलंय.

अण्णा आता शहात्तर वर्षांचे आहेत, फाउंड्रीत फक्त पूजेला येतात. त्यांच्यापुढे पानेलाची ती चौकोनी वीट ठेवली. त्यांनी अडकित्त्याने कोपरा फोडला, तुकडा जिभेवर धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी फोनवरचं चित्रण लावलं. चष्मा वर करून, स्क्रीन अगदी डोळ्यांजवळ नेऊन ते बघत राहिले. मळी वर आली तसं त्यांचं बोट तिच्याबरोबर वर गेलं.

‘साल कुठल्या झाडाची म्हणालीस?’

‘ग्वासिमो. आपल्या भेंडीच्याच कुळातली.’

त्यांनी तुकडा या गालातून त्या गालात घेतला.

‘परत लाव,’ म्हणाले.